नसेला पीळ नसतो

वैद्यकीय कॉलेजच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला, शरीररचनेचा हॉल होता. दगडी फरशी, बारा पत्र्याची टेबलं, उंच खिडक्या आणि डोळ्यांतून पाणी काढणारा फॉर्मॅलिनचा वास. दरवर्षी पहिल्या दिवशी नव्या बॅचमधलं एक तरी पोरगं तिथे धाडकन आडवं व्हायचं आणि दरवर्षी त्याच्या तोंडावर पाणी मारायला मावशीच पुढे व्हायच्या. "झालं ना? आता वर्षभराची काळजी मिटली," त्या म्हणायच्या. "आज आडवा झाला तो उद्यापासून नीट उभा राहतो. जो पहिल्या दिवशी छाती काढून मिरवतो ना, त्याची परीक्षेत कशी भंबेरी उडते ते बघ."

मावशी म्हणजे हॉलच्या मदतनीस. वय पंचावन्न, उंची बेताची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ अशी की प्राध्यापकसुद्धा दोन पावलं लांबून बोलायचे. देह टाकीतून काढणं, टेबलावर घेणं, काम झाल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं, ही त्यांची नोकरी. पण त्यांची खरी ओळख होती ती भिंतीकडच्या कपाटांत. तिथे त्यांच्या हातच्या एकेचाळीस तयार रचना ठेवलेल्या होत्या. तयार रचना म्हणजे माणसाच्या शरीराचा एखादा भाग घ्यायचा आणि त्यातली चरबी, जाळीजुळी सगळी काढून टाकून फक्त हवं ते उघडं करायचं, म्हणजे पोरांना पुस्तकात दिसतं ते डोळ्यांनी बघता येतं. हे काम शिकलेल्या डॉक्टरांनासुद्धा सहसा जमत नाही. जमलं तरी त्यांना तेवढा वेळ नसतो आणि वेळ असला तरी धीर नसतो.

सातवी पास बाईला हे जमलं कसं? तर कापसामुळे. मावशींच्या नवऱ्याचं गाद्या भरायचं दुकान होतं. लग्न झाल्यापासून मावशींनी कापूस मोकळा केला. जुन्या गादीतला दगड झालेला गठ्ठा घ्यायचा आणि बोटांनी उकलत, उकलत, धागाही न तोडता पुन्हा मऊ करायचा. मग फोमच्या गाद्या आल्या, दुकान बसलं, नवऱ्याच्या छातीत आयुष्यभराचा कापूस साचलेला, म्हणून मावशी कॉलेजात सफाईला लागल्या. एक दिवस फरशी पुसताना त्यांनी पाहिलं, एक शिकाऊ डॉक्टर काखेतली चरबी चिमट्याने ओरबाडतोय. मावशींना राहवेना. "अहो साहेब, असं ओढून सुटतं होय? हे उकलावं लागतं."

तो डॉक्टर संतापला. पण मागे उभे असलेले विभागप्रमुख, ज्यांना सगळे जुने सर म्हणत, ते हसले आणि त्यांनी चिमटा मावशींच्या हातात दिला. "उकलून दाखवा."

मावशींनी फडकं बादलीत टाकलं, हात धुतले आणि उकलून दाखवलं. त्या दिवसानंतर बादली दुसऱ्या कोणाकडे गेली.

जुन्या सरांनी मावशींना जे पहिलं मोठं काम दिलं ते हाताच्या नसांच्या जाळ्याचं. मानेच्या मणक्यांमधून पाच नसा निघतात आणि खांद्याकडे येता येता एकमेकींत अशा मिसळतात, फुटतात, पुन्हा मिसळतात की पहिल्यांदा बघणाऱ्याचं डोकंच चक्रावतं. सरांनी मावशींना आकडे पाठ करायला दिले: पाच, तीन, सहा, तीन, पाच. पाच मुळं. त्यांतली वरची दोन मिळून एक खोड, मधलं एकटंच एक खोड, खालची दोन मिळून एक खोड, अशी तीन खोडं. प्रत्येक खोडाला दोन फाटे, एक पुढे आणि एक मागे, म्हणजे सहा. ते सहा फाटे गळ्याखालच्या हाडामागून जाऊन काखेतल्या मोठ्या धमनीभोवती तीन दोर होतात. मागचे तिन्ही फाटे मिळून मागचा दोर, पुढचे वरचे दोन मिळून बाहेरचा, आणि पुढचा खालचा एकटाच आतला. त्या तीन दोरांतून शेवटी पाच मोठ्या नसा हातात उतरतात. कोणी कोपर वाकवते, कोणी मनगट उचलते, कोणी करंगळीपर्यंत जाते. कोपर टेबलावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच ती.

मावशी आकडे म्हणत घरी जात, भांडी घासताना म्हणत, नवऱ्याला औषध देताना म्हणत. नवरा म्हणायचा, "अगं, गोळ्या दोन आहेत, पाच-तीन-सहा काय लावलंयस?"

सहा आठवडे मावशी त्या जाळ्यावर बसल्या. मानेपासून बोटांपर्यंत उजवी बाजू, छातीच्या कडेसकट. एकही फाटा तुटला नाही. सरांनी काम पाहायला बाहेरून तपासणीची समिती बोलावली होती आणि समिती यायच्या आदल्या दुपारी मावशी शेवटचं काम म्हणून काखेखालची, बरगड्यांवरची चरबी काढत होत्या. तिथे एक स्नायू आहे, करवतीसारखे दाते असलेला. खांद्याचा फरा पाठीला घट्ट धरून ठेवणं हे त्याचं काम. त्याला जाणारी नस अगदी बारीक, लांब, एकटी. वरच्या तीन मुळांतून जाळ्याच्या मागच्या बाजूने निघते आणि त्या स्नायूवरून सरळ खाली उतरते. मावशींनी चरबीचा पदर चिमट्यात धरला, आणि एरवी कधी न केलेली गोष्ट केली. उकलला नाही, ओढला. घाई होती. पदराबरोबर ती नसही आली, मुळापासून.

सहा आठवड्यांच्या मेहनतीवर एका झटक्यात पाणी. मावशी घरी गेल्या, नवऱ्याच्या जुन्या डब्यातून गादी टाचायचा दोरा काढला, चहाच्या कोमट पाण्यात बुडवून पिवळसर केला, आणि हॉलमध्ये परत येऊन त्या नसेच्या जागी बेमालूम बसवला. वरचं टोक मानेच्या स्नायूतून ओवून मागे गाठ, आणि खाली चार ठिकाणी बारीक टाचे. गादीवाल्याच्या बायकोचे टाचे ते, कोणाच्या बापाला दिसणार?

समिती आली, बघून थक्क झाली. सरांनी रचनेखाली पाटी लावली, तिच्यावर 'तयार करणाऱ्या' असं लिहून पुढे मावशींचं नाव. मावशींनी ठरवलं होतं, समिती गेली की सरांना सांगायचं. मग ठरवलं, नोकरी कायम झाली की सांगायचं. मग सर निवृत्त झाले, वारले, आणि सांगायला कोणी उरलंच नाही. गोष्ट लांबवली की ती अशी अंगवळणी पडते.

त्यानंतरच्या चाळीस रचनांत मावशींनी एकदाही ओढलं नाही. तरी पहिलीवरचं ओलं फडकं त्या दरवेळी दोऱ्याकडे न बघताच बदलायच्या.

नऊ वर्षं गेली.

यंदाच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. तिला वर्गातली पोरं 'शंका' म्हणायची, कारण तिला दर दोन मिनिटांनी एक शंका यायची. हे असं का, ते तसं का नाही, आणि नसेल तर काय होईल. शिकवणारे वैतागायचे. मावशींना मात्र ती आवडायची. कारण बाकीची पोरं पुस्तकात बघून मग देहाकडे बघायची आणि ही उलटं करायची. आधी देहाकडे, डोळे बारीक करून, आणि मग पुस्तकाकडे, जसं काही पुस्तकाची परीक्षा घेतेय.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक आले. भरघोस मिशा, कडक इस्त्री, आवाज तर असा की टाकीतल्यांनीही उठून बसावं. हॉलमध्ये वीस ट्रे मांडलेले, प्रत्येक ट्रेमधल्या एका भागाला टाचणी लावून कागदी झेंडा. पोरांनी एका ट्रेसमोर एक मिनिट उभं राहायचं, झेंड्याखालचा भाग ओळखून लिहायचं, मावशींनी घंटा वाजवली की पुढच्या ट्रेकडे सरकायचं. नववा ट्रे मावशींच्या जाळ्याचा. झेंडा कुठे लावायचा ते परीक्षकांनी सकाळी स्वतः ठरवलं आणि त्यांनी नेमकी टाचणी टोचली ती त्या दोऱ्याशेजारी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मावशींच्या हातातली घंटा आपोआप दोनदा वाजली.

पोरं येत गेली, लिहीत गेली, सरकत गेली. शंका आली. वाकली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकली. मावशींनी तिचं मिनिट पुरतं संपू दिलं नाही, पाच सेकंद आधीच घंटा हाणली. तेवढ्यात तिने काहीतरी खरडलं आणि पुढे गेली.

संध्याकाळी विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत बेरजा चालल्या होत्या. मावशी चहा घेऊन आत गेल्या. मॅडम म्हणत होत्या, "सर, ही मुलगी फक्त एका मार्काने राहतेय. कुठे एक मार्क सापडतो का बघा ना. सहा महिने वाया जातील, बॅच सुटेल तिची."

"सापडला असता," परीक्षक म्हणाले. "पण हे वाचा. नववा प्रश्न. दोन मार्कांचा. 'दाखवलेली नस ओळखा.' उत्तर काय? 'दोरा.' 'ही कोणत्या स्नायूला जाते?' उत्तर, 'कुठल्याच नाही.' आता बोला! परीक्षा आहे की तमाशा? मी थट्टेला मार्क देत नाही, मॅडम. उद्या बारा वाजता पाकीट बंद होईल तेव्हा ही नापासच राहील."

मॅडम कपाळाला हात लावून हसल्या. "शंका आहे ती. काहीही डोक्यात येतं तिच्या."

मावशींनी तोंड उघडलं. सगळं ओठांपर्यंत आलं होतं, आणि तोंडातून निघालं, "साहेब, साखर किती?"

"दोन," परीक्षक म्हणाले.

मावशींनी दोन चमचे घातले, ढवळले आणि बाहेर आल्या. बोळात पायरीवर शंका बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून. कोणीतरी तिला आतली खबर दिली असावी. मावशी तिच्याजवळून गेल्या, थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर काय बोलल्या असत्या? आयुष्यात पहिल्यांदा मावशींना स्वतःची लाज वाटली, आणि ती काही साधीसुधी वाटली नाही.

घरी गादीवाले, म्हणजे मावशींचा नवरा, खिडकीशी बसून होते. मावशींनी ताट वाढलं आणि जेवताना सगळं सांगितलं. नऊ वर्षांत हे गुपित त्या दोघांनाच ठाऊक होतं. दोरा त्यांच्याच डब्यातला.

गादीवाल्यांनी दम घेत घेत सगळं ऐकलं. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "तुझी नोकरी किती उरली, तीन वर्षं? एक रचना खोटी निघाली की बाकी चाळीसांकडे कोण खऱ्या म्हणून बघणार? तुझं सगळं नावच जाईल. पोरगी सहा महिन्यांनी पुन्हा बसेल. हुशार आहे ना? होईल पास."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मावशी फणकारल्या. "फुटलं की ते! तिला दिसलं. नऊ वर्षांत सहाशे पोरं त्या ट्रेसमोरून गेली, प्राध्यापक गेले, ते मिशीवाले गेले, कोणाला दिसलं नाही. हिला दिसलं. आणि जिला दिसलं तीच नापास?"

मावशींना वाटलं, संपलं बोलणं. पण गादीवाल्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि हळूच विचारलं, "तो दोरा तू बरोबर जागी तरी बसवलायस ना?"

मावशींचा घास हातातच राहिला. कारण हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. दोरा बोटभर पुढे बसला होता. खरी नस जरा मागून उतरते. आणि खऱ्या नसेला प्रत्येक दात्याकडे एक बारीक फांदी असते, दोऱ्याला एकही नव्हती.

"बोटभर पुढे," मावशी म्हणाल्या.

"मग ती सहाशे पोरं बोटभर चुकीचं शिकली," गादीवाले म्हणाले. "आमच्या धंद्यात आत खराब कापूस भरला तर झोपणाऱ्याची पाठ बोलते. तुझ्या धंद्यात कोणाची पाठ बोलायची?"

मावशींना जुने सर आठवले. सरांनी एकदा त्यांना भिंतीवर दोन्ही तळवे टेकून जोर लावायला सांगितलं होतं. "ही नस तुटली ना मावशी, तर असा जोर लावला की खांद्याचा फरा पाठीतून पंखासारखा बाहेर येतो. माणूस डोक्यावर हात नेऊ शकत नाही, केससुद्धा विंचरू शकत नाही. आणि पुष्कळदा ती अपघातात तुटत नाही, काखेत काम करणाऱ्या डॉक्टरच्या हातूनच तुटते. म्हणून ती कुठे आहे हे ज्याला नीट ठाऊक नाही, त्याने काखेत सुरी घालू नये." सर हे सांगत होते तेव्हा ती नस जागेवर होती.

मावशींनी ताट बाजूला सारलं. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या. गादीवाल्यांनी पाण्याचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मावशी नवव्या ट्रेसकट मॅडमच्या खोलीत शिरल्या. परीक्षक पाकिटावर पत्ता लिहीत होते. ट्रे टेबलावर ठेवला तसा वास सगळ्या खोलीत पसरला आणि परीक्षकांनी रुमाल नाकाला लावला.

"मावशी, हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्या पोरीचं उत्तर बरोबर आहे. हा दोरा आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून नस तुटली, मी दोरा बसवला. कोणाला सांगितलं नाही. आज सांगते."

परीक्षकांनी रुमाल खाली घेतला. मग परीक्षक हसले, पण ते हसू मिशीच्या वर काही पोचलं नाही. "बाई, मी बावीस वर्षं शरीररचना शिकवतोय. दोरा आणि नस मला कळत नाही का? या मुलीची तुमची काही ओळख वगैरे?"

आता मात्र मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळखीसाठी ही बाई स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतेय असं या माणसाला वाटतंय! त्यांनी पदर खोचला, एप्रनच्या खिशातून कात्री आणि चिमटा काढला. एक, दोन, तीन, चार. चारही टाचे कापले. मग चिमट्यात दोऱ्याचं खालचं टोक धरलं आणि परीक्षकांच्या डोळ्यांत बघत ओढायला सुरुवात केली. दोरा सरसर आला. बरगड्यांवरून, काखेतून, जाळ्याच्या मागून. वर मानेपाशी जरा अडला, मावशींनी हलका हिसका दिला आणि टोकाची गाठ टपकन बाहेर पडली.

मावशींनी तो वीतभर दोरा परीक्षकांच्या पाकिटाशेजारी ठेवला. "बघा, साहेब. पीळ आहे ना? नसेला पीळ नसतो."

परीक्षकांनी दोरा उचलला, खिडकीशी नेला, नखाने त्याचा पीळ उलगडला. दोन पदर वेगळे झाले. मिशीला हात लावला, खाली घेतला. नंतर टेबलाशी आले, शंकाची उत्तरपत्रिका काढली, नववा प्रश्न शोधला आणि शून्य खोडून दोन लिहिले. सही केली. "मी तिच्याइतकं वाकून बघितलं नव्हतं," ते म्हणाले. एवढं म्हणायलाही माणसाला मोठं मन लागतं, मावशींनी ते त्यांच्या खात्यावर जमा धरलं.

मॅडमचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. "मावशी, बाकीच्या चाळीसांत काय काय आहे?"

"काही नाही. सगळ्या खऱ्या आहेत."

"हे मी आता कसं मानू?"

हा प्रश्न येणार हे मावशींना काल जेवतानाच कळलं होतं. तरी तो लागला, खोल लागला, कारण त्या चाळीस रचना म्हणजे त्यांची सगळी पुंजी होती. "मानू नका," त्या म्हणाल्या. "तपासा. एकूण एक नस चिमट्यात धरा आणि ओढून बघा. मी शेजारी उभी राहते. एक जरी सुटून आली तर दुसऱ्या दिवसापासून मी येणार नाही."

"हे सगळं तुम्ही लेखी द्याल?"

"द्या कागद."

मावशींनी सातवीच्या अक्षरात, उभं राहूनच, पानभर लिहून दिलं. कुठेही 'चुकून' किंवा 'नाइलाजाने' असा शब्द घातला नाही. त्यांना एक कडक मेमो मिळाला. तो त्यांनी घरी नेऊन औषधांच्या डब्याखाली ठेवला. त्यानंतर आठ दिवस दोन प्राध्यापक चिमटे घेऊन कपाटांपाशी बसले. पायाच्या नसा ओढल्या, चेहऱ्याच्या ओढल्या, केसाइतक्या बारीक ओढल्या. मावशी शेजारी हात मागे बांधून उभ्या. चाळीसपैकी एकही सुटली नाही. शेवटच्या दिवशी त्यांतला तरुण प्राध्यापक म्हणाला, "मावशी, एक तरी सुटायला हवी होती. आमच्याच हातून तुटेल की काय या भीतीने माझे हात कापायला लागलेत."

शंका पास झाली. निकालाच्या दिवशी ती हॉलमध्ये आली, मावशींच्या समोर उभी राहिली, आणि आभारबिभार काही नाही, सरळ विचारलं, "मावशी, पीळ तर दिसलाच. पण एवढी लांब नस आणि वाटेत फांदी एकही नाही? नऊ वर्षांत कोणी विचारलं कसं नाही?"

"तू आली नव्हतीस म्हणून," मावशी म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "तुझ्या मिनिटातले पाच सेकंद मी खाल्ले होते, पोरी. घाबरून. ते मात्र मला परत देता येणार नाहीत."

"पुरले तेवढे," शंका म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता मावशींचे डोळे भरले. फॉर्मॅलिनचा वास होताच म्हणा, त्यामुळे कारण सांगायची गरज पडली नाही.

सुट्टी लागल्यावर हॉल रिकामा झाला आणि मावशी मॅडमकडे गेल्या. "मला जाळं पुन्हा करायचंय. मानेपासून."

मॅडमनी त्यांच्या हातांकडे बघितलं. वयाने बोटं जरा जाड झाली होती, सकाळी आखडायची. "जमेल?"

"नऊ वर्षांपूर्वी जमलं नव्हतं. आता जमवते."

या वेळी मावशींनी सुरुवातच त्या एकट्या नसेपासून केली. जी शेवटी घाईत गेली, तिला पहिला मान. रोज सकाळी आठ ते बारा, खिडकीच्या उजेडात, कारण बारानंतर त्या बाजूचा उजेड पिवळट होतो आणि चरबी आणि नस सारखीच दिसायला लागते. चिमट्याची दोन टोकं, मध्ये पदर, उकल, पूस, बघ. वरच्या तीन मुळांतून निघालेले तीन बारीक धागे एक होताना सापडायला चार दिवस लागले. मग ती जाळ्यामागून खाली उतरली, बरगड्यांवर आली, आणि दर दात्यापाशी एक फांदी देत गेली. प्रत्येक फांदी सुटली की मावशी मोठ्याने आकडा म्हणायच्या. रिकाम्या हॉलमध्ये तो आकडा घुमायचा. मग पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे. मागचा दोर सगळ्यांत खोल, धमनीच्या पाठीशी लपलेला, तो उघडायलाच सबंध आठवडा गेला. एक दिवस बोटं इतकी आखडली की चिमटा बंदच होईना. मावशींनी बोटं गरम पाण्यात धरली, अर्धा तास वाट बघितली आणि पुन्हा बसल्या. सत्तावन्न दिवस लागले. पहिल्या वेळी त्यांनी ते सहा आठवड्यांत उरकलं होतं.

पाटी लिहिणाऱ्याने विचारलं, "मावशी, जुनीच पाटी लावू? नाव तेच आहे."

"नको. नवी लिही. आणि जुनी रचना फेकू नका. दोरा मी परत बसवलाय, तीही असू दे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ती आधी दाखवायची आणि विचारायचं, यात खोटं काय आहे? ज्याला सापडेल त्याला मी चहा पाजेन."

पुढच्या वर्षीच्या परीक्षेला तेच मिशीवाले परीक्षक आले. सकाळी पोरं यायच्या आधी झेंडे लावायला ते हॉलमधून फिरले. नवव्या ट्रेपाशी थांबले. नवं जाळं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कंबरेतून वाकले, इतके, की मिशा ट्रेच्या काठाला लागल्या. त्या बारीक नसेवर त्यांची नजर वरून खाली गेली, फांद्या मोजत, आणि पुन्हा वर आली. मावशी घंटा घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"ओढून बघा, साहेब," मावशी म्हणाल्या.

परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खरंच चिमटा घेतला, नस अलगद धरली आणि ओढली. ती हलली नाही. तिच्याबरोबर करवतीसारख्या दात्यांचा तो स्नायू किंचित उचलला गेला, आणि सोडल्यावर पुन्हा बरगड्यांवर बसला.

"पक्की बसवलीय," ते म्हणाले.

"बसवलेली नाही, साहेब," मावशी म्हणाल्या. "होती तिथेच आहे." आणि त्यांनी पोरांना आत बोलवायची घंटा वाजवली.